चौदा जळवा, तीन उमेदवार

"दोन माणसं आण," उकिडवे सर म्हणाले. "कुठलीही चालतील. एम.एस्सी. झालेली पाहिजेत आणि तुझ्यापेक्षा ढ पाहिजेत."

"कशाला, सर?"

सरांनी खोलीचं दार लोटलं. ते दार कधीच नीट लागायचं नाही, म्हणून त्याला पाठ लावून उभे राहिले आणि आवाज खाली आणला. "घोळ झालाय, जयवंत. तुझ्या जागेसाठी एकच अर्ज आलाय."

"माझाच ना?"

"तुझाच."

"मग बरंच झालं की!"

"काय बरं झालं, कपाळ? किमान तीन उमेदवार हजर नसतील तर मुलाखतच घ्यायची नाही, असा नियम आहे आपल्याकडे. मुलाखत नाही झाली की जागा पुन्हा जाहिरातीला. तोवर मार्च उजाडतो आणि दिल्लीचा प्रकल्प जातो दिल्लीला परत. मग तू पण घरी आणि तुझ्या जळवा पण घरी."

आज माझ्या मंगल कार्यालयात एकेका लग्नाला हजार माणूस जमतं आणि मला त्याचं काही वाटत नाही. वर दीडशे जास्त आले तरी मी आचाऱ्यावर ओरडून भागवून नेतो. पण त्या दिवशी दोन माणसं जमवायची म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गोष्ट पंच्याण्णव सालची. उकिडवे सर विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे. सह्याद्रीतल्या जळवांवर त्यांना दिल्लीहून तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला होता आणि त्यात संशोधन सहायकाची एक जागा होती. ती धरून पीएच.डी. पण करता येणार होती. ती जागा माझी, हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, कँटीनच्या पोऱ्यालाही माहीत होतं. जाहिरात सरांनी स्वतः लिहिली होती, शिंप्यानं अंगावर माप घेऊन शिवावी तशी. 'एम.एस्सी. प्राणिशास्त्र. जळूपालनाचा किमान आठ महिन्यांचा अनुभव अत्यावश्यक. डोंगर चढता यावा. चष्मा असल्यास हरकत नाही.' चष्मा मला होता. जळूपालनाचा आठ महिन्यांचा अनुभव अख्ख्या महाराष्ट्रात मला एकट्याला होता. आणि तिथंच शिंप्याचं चुकलं. माप इतकं घट्ट बसलं, की दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा बाहीत जाईना.

मला ती जागा पाहिजेच होती. विट्याच्या मामांचा हुकूम निघाला होता, दसऱ्यापर्यंत पगाराची नोकरी दाखव, नाहीतर गुमान येऊन मंगल कार्यालय सांभाळ. मामांना मूलबाळ नव्हतं आणि आमचे वडील पहिल्यापासून मामांच्या बाजूचे. "जळवा पाळण्यापेक्षा वऱ्हाडी पाळ," वडील म्हणाले होते. "रक्त दोघंही पितात. पण वऱ्हाडी जेवून घरी तरी जातात." आता मला जळवा आवडायच्या, त्याला मी काय करू? हसा खुशाल. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत काचेच्या बरणीत ओल्या शेवाळावर चौदा जळवा होत्या. डोंगरातून मीच धरून आणलेल्या, आणि महिन्या-दीड महिन्यानं स्वतःच्या पोटरीला लावून मीच पोसलेल्या. लोक कुत्र्याला भाकरी घालतात, मी जळवांना पोटरी घालायचो.

पहिलं माणूस खोलीतच होतं. सुदाम खिलारे, माझा जोडीदार. सहा फूट उंच, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, माझ्याबरोबरच एम.एस्सी. झालेला आणि आता फौजदाराच्या परीक्षेची तयारी करत बसलेला. पुढं गुंडांना धरणार होता, पण बरणीला घाबरायचा. खाटेच्या चारी पायांभोवती त्यानं मिठाची रिंगणं काढली होती. रोज संध्याकाळी दिवा लावला, की बरणीपासून हातभर लांब वाकून उभा राहायचा आणि जळवा मोजायचा. "वर पाच, खाली नऊ. चौदा. भरल्या." मग भिंतीवरच्या कोंबडीखाद्याच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात तसं लिहायचा, तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली जेवण उतरायचं.

"ती पट्टेवाली आज पण माझ्याकडंच बघतीया," तो म्हणायचा. चौदांत एकीच्या पाठीवर पिवळसर पट्टा होता.

"गप रे. जळवेच्या नजरेत तू भरणार आहेस होय?"

"तुला काय कळतंय? तू तिचं जेवाण हाईस, तुझ्याशी ती गोडच वागणार."

तर त्याला म्हटलं, "सुद्या, एक काम आहे."

"बरणी धुवायची आसंल तर न्हाई."

"मुलाखतीला यायचंय. माझ्याच जागेच्या. हरायला."

"ते जमंल," सुदाम म्हणाला. "त्याचा अनुभव हाय मला."

अनुभवाचा दाखला मात्र जळूपालनाचा पाहिजे होता. सर दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीवर तो लिहूनच घेऊन आले. 'श्री. खिलारे हे आठ महिने जळवांच्या निकट सान्निध्यात आहेत.' सुदाम घाबरला.

"सर, हे खोटं हाय."

"खोटं काय त्यात? तू झोपतोस कुठं?"

"हितं."

"जळवा कुठं असतात?"

"हितंच."

"झालं तर मग," सर म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

तिसरी मिळाली हेमलता कुंभोजे. आमच्या एक वर्ष मागं होती, नुकतीच एम.एस्सी. होऊन बँकेच्या परीक्षा देत होती. महिनाभर तिनं सकाळी प्रयोगशाळेत माझ्याकडून जळवांची माहिती ऐकून घेतली होती, तीही केवळ भिडेखातर. सरांनी तेही अनुभवात धरलं आणि महिन्याचे आठ महिने कसे झाले, ते मी विचारलं नाही. मिसळ आणि वर लस्सी यावर ती तयार झाली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी दोघांना कँटीनमध्ये बसवून शिकवणी घेतली.

"काहीही विचारलं तरी एकच उत्तर. माहीत नाही."

"नाव विचारलं तर?" हेमलता म्हणाली.

"नाव सांगायचं गं! बाकी सगळ्याला माहीत नाही. आणि सुद्या, तू नम्रपणे सांग. तू नुसतं 'नाही' म्हणालास तरी माणूस दचकतो."

"माहीत न्हाई, सर," सुदाम हात जोडून म्हणाला.

"शाब्बास. असंच."

समितीत तीन जण होते. एक आमचे सर. एक भूगोलाचे वयस्कर प्राध्यापक, ते कुलगुरूंचे प्रतिनिधी होते आणि मुख्यतः बिस्किटांसाठी आले होते. तिसऱ्या तज्ज्ञ म्हणून दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेतून डॉ. हळबे बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि तीस वर्षं जंगलात जळवांमागं हिंडलेल्या. बाई येताना मला जिन्यावर दिसल्या. साडी जरा वर धरून चढत होत्या आणि घोट्यावर जळवांच्या जुन्या चाव्यांचे ठिपके होते. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आडनावांच्या क्रमानं बोलावणार होते. कुंभोजे, खिलारे, टोणपे. मी बाकावर शेवटचा. दाराच्या वरच्या झरोक्याची काच फुटलेली होती, त्यामुळं आतलं सगळं बाहेर स्वच्छ ऐकू यायचं.

हेमलता आत गेली. पहिल्या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणाली. दुसऱ्याला "माहीत ना..." इथवर आली आणि तिला हसू फुटलं. ते काही थांबेना. ती हसतेय हे बघून भूगोलवाले पण हसायला लागले. शेवटी सर म्हणाले, "जा, पाणी पी," तेव्हा डोळे पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसून म्हणाली, "लस्सी मात्र मोठी पाहिजे हं."

मग सुदाम गेला. मी कान लावले.

"जळवेला डोळे किती असतात?" हळबे बाईंचा आवाज.

"माहीत न्हाई, मॅडम."

"तिच्या लाळेत काय असतं?"

"माहीत न्हाई, मॅडम."

मी बाकावर मांडी घालून बसलो. गडी लाखात एक होता. काय नम्रपणा, काय सूर!

"बरं, श्रीलंकेच्या डॉ. गुणपालांचा जळवांच्या भुकेवरचा निबंध वाचलाय का?"

"माहीत न्हाई, मॅडम." जरा थांबून सुदाम म्हणाला, "कुठं मिळंल वाचायला?"

ही पुरवणी मी शिकवलेली नव्हती. पण म्हटलं असू दे, मुळातच सालस आहे.

आत कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अहो, पण दाखल्यात तर आठ महिने लिहिलंय. मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

आता या प्रश्नाला "माहीत न्हाई" कसं म्हणणार? मी झरोक्याखाली सरकलो, तेवढ्यात सुदामचा आवाज सुरू झाला. वर किती येतात, खाली किती राहतात, पाऊस यायच्या आदल्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या कशा वर चढतात, असं काहीबाही. मधेच बाईंनी विचारलं, "हे तुम्ही रोज का बघता?"

"भ्या वाटतं म्हणून, मॅडम. एखादी कमी भरली तर ती हातरुणात आसंल म्हणून."

भूगोलवाले इतक्या मोठ्यानं हसले, की पुढचं ऐकूच आलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. भितो म्हणून सांगितलं गाढवानं! बरं झालं. मग धाडकन दार उघडलं आणि सुदाम माझ्या पुढ्यातून धावत सुटला.

"कुठं रे?"

"कॅलिंडर आणाय!"

काय लागत असेल यांना, तारीख? मी विचार करत होतो तोवर माझं नाव पुकारलं.

काय सांगू, मी त्या दिवशी काय बोललो! डोळे किती, तर पाच जोड्या. लाळेत काय, तर रक्त गोठू न देणारं द्रव्य. जबडे किती, ते कसे चालतात, सगळं हातवारे करून. सर माना डोलवत होते. भूगोलवाल्यांनी बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. शेवटी बाई म्हणाल्या, "डॉ. गुणपालांचा भुकेवरचा निबंध वाचलाय?"

मी वाचला नव्हता. मी गुणपालांचं नाव पण झरोक्यातून अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं. पण झरोक्यानं मला तयारीला अर्धा तास दिला होता ना!

"हो तर, मॅडम. फार मूलभूत काम आहे."

"काय आवडलं त्यात?"

"मांडणी. फक्त, लहान तोंडी मोठा घास, पण मला नमुने थोडे कमी वाटले. आणखी शंभरएक जळवा घेतल्या असत्या तर निष्कर्ष पक्के झाले असते."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शेरा चांगला लांबलचक होता. मी खूश. आमच्या सरांनी मात्र का कोण जाणे, डोळे मिटून घेतले होते.

बाहेर आलो तर सुदाम कॅलेंडराची गुंडाळी काखेत मारून उभा. त्याला परत आत बोलावलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. हेमलता म्हणाली, "चांगलंच झापतायत वाटतं." मला सुदामचं वाईट वाटायला लागलं. माझ्यापायी बिचाऱ्यावर ही वेळ.

तासाभरानं सर बाहेर आले. माझा हात धरून मला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं.

"जयवंत, गुणपाल कोण आहे माहितीय का तुला?"

"श्रीलंकेचे..."

"आचारी! त्यांच्या संस्थेच्या खानावळीतला आचारी आहे तो, गाढवा! तू आत यायच्या जरा आधी बाईंनी माझ्या कानात सांगितलं, गेली दहा वर्षं त्या प्रत्येक उमेदवाराला हाच प्रश्न विचारतात. सगळे म्हणतात, वाचलाय. पण नमुने कमी पडले म्हणून सांगणारा तू पहिला!"

"आचारी?" मी म्हणालो.

"आणि आजवर एकच माणूस 'माहीत नाही, कुठं मिळेल' म्हणाला," सर म्हणाले. त्यांचाही आवाज रडवेला झाला होता. "वर त्याच्याकडं आठ महिन्यांच्या रोजच्या नोंदी. पावसासकट. बाई म्हणाल्या, तीस वर्षांत एवढं सलग काम पाहिलं नाही. अरे, आठ महिने त्या बरणीशी तू पण होतास ना? तू का नाही लिहून ठेवलंस?"

मी जळवांना जेवू घालत होतो. मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला त्यांची भीती कुठं वाटत होती?

"प्रतीक्षा यादीत तरी आहे ना मी?"

सरांनी कागद दाखवला. 'निवड: खिलारे. प्रतीक्षा यादी: निरंक.'

सुदाम जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. सहा फुटी गडी, चेहरा पांढराफटक.

"जया, मी न्हाई म्हणून सांगतो. आत्ताच्या आत्ता."

मला त्याची मानगूट धरावीशी वाटली होती. खोटं कशाला बोलू, पुढची दोन मिनिटं मी त्याला काय काय बोललो ते आज घरात बायकामुलांत सांगण्यासारखं नाही. दगाबाज म्हणालो, कॅलेंडर्‍या म्हणालो. त्यानं सगळं मान खाली घालून ऐकलं. हेमलता मधे पडायला आली, तर तिची लस्सी पण काढली मी. आणि सर बाजूला उभे राहून टक्कल पुसत होते. सुदाम नाही म्हणाला तर जागा परत जाहिरातीला, मग मार्च, मग दिल्ली. हे मला कळत होतं, सरांना कळत होतं, एक सुदाम तेवढा नाही म्हणायला आत निघाला होता.

"थांब," मी म्हणालो. "नाही म्हणालास तर तंगडी मोडीन. चल खोलीवर."

"कशाला?"

"त्यांची जेवायची वेळ झालीय."

खोलीवर त्याला खाटेवर बसवलं आणि त्याची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आणि देवाचं नाव सुरू केलं. चिमटा कसा धरायचा, जळू कशी ओली करायची, पोट भरेपर्यंत ओढून का काढायची नाही, सगळं त्याला शिव्या देत देत शिकवलं. पहिली लावली ती पट्टेवाली.

"चावली का रं?" त्यानं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कधीच चावली. पितेय आता."

त्यानं एक डोळा उघडला. पोटरीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "जया, कॅलिंडर दे जरा. किती मिनिटं पितीया लिहून ठेवतो."

तेव्हा मला कळलं, की बरोबर माणूस निवडलाय. ते कळलं म्हणून राग गेला असं नाही हां. उलट जास्तच आला. मी त्याच संध्याकाळी ट्रंक भरली आणि दुसऱ्या दिवशी विट्याची एसटी धरली. दसऱ्याला अजून बारा दिवस होते. मामा म्हणाले, "लवकर आलास, बरं झालं. उद्या साखरपुडा आहे एक."

त्यानंतर सुदामची पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, गेलो नाही. लोकांच्या लग्नात कामाला असतो, अशी सबब माझ्याकडं कायमची तयार असायची. एकोणीस वर्षं मी हेच केलं. हे काही शहाणपणाचं नव्हतं.

मग दोन हजार चौदाच्या मे महिन्यात, ऐन मुहूर्ताच्या दिवशी, मी मठ्ठा पातळ झाला म्हणून आचाऱ्यावर तोंड सोडलेलं असताना पोस्टमननं एक मोठं पाकीट आणून दिलं. प्रा. डॉ. सुदाम खिलारे. आत एक छापील शोधनिबंध होता, इंग्रजीत, बारा पानी. सह्याद्रीतल्या जळवेची एक नवी जात, जगात आजवर कुणी न नोंदवलेली. सोबत रंगीत फोटो. पाठीवर पिवळसर पट्टा.

मी तिला लगेच ओळखलं.

नवी जात शोधली की तिला नाव द्यायचं असतं आणि ते का दिलं तेही निबंधात लिहायचं असतं. जळवेचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं होतं. पहिला तिच्या कुळाचा, आणि दुसरा होता 'टोणपेई'. खाली कारण लिहिलं होतं, ते मी तिथंच, भटारखान्याच्या दारात, मराठीत लावून लावून वाचलं. 'हे नाव श्री. जयवंत टोणपे यांच्यावरून. या जातीचा मूळ नमुना त्यांनी डोंगरातून आणला व आठ महिने स्वतःच्या रक्तावर वाढवला. प्रस्तुत लेखकाला त्यांनी हरण्यासाठी मुलाखतीला नेलं होतं. लेखकाला ते जमलं नाही, याची त्याला अजूनही खंत आहे.'

मी रडलो. आचाऱ्याला वाटलं मठ्ठ्यामुळं. म्हणाला, "मालक, करतो घट्ट, पण रडू नका."

पाकिटावर नंबर होता. फोन लावला. एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना, म्हणून ओरडलोच. "सुद्या, लेका, जळवेला माझं नाव देतोस?"

"मग कुणाचं देऊ?" तिकडून आवाज आला. "रगात कुणाचं प्यालीया ती?"

"बाकीच्या कशा आहेत?"

"चौदा जणी कवाच गेल्या की रं. पण त्यांची पोरंसोरं हाईत. रोज मोजतोय. भरत्यात."

"अजून भितोस?"

"लई," सुदाम म्हणाला. "येतोस का बघायला?"

गेलो. लग्नांची सुगी संपल्या-संपल्या गेलो, आणि आता दर वर्षी जातो.

तो फोटो मी मोठा करून घेतला आणि कार्यालयाच्या ऑफिसात, गणपतीच्या शेजारी, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागं लावला. परवाच एक वरमाय तारीख धरायला आल्या होत्या. चांगल्या ठसठशीत, नाकात नथ. बोलता बोलता त्यांचं लक्ष वर गेलं. लांबून काही नीट कळेना. चष्मा नव्हता त्यांच्याकडं. फोटोखालची सोनेरी अक्षरं तेवढी त्यांनी लावली.

"टोणपे दिसतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी का कुणी?"

"हो," मी म्हणालो. "आमच्यातलीच. विद्यापीठात असते."